अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा कोच व्हायचं असेल तर: पहिल्या बॉलपासून पहिल्या करारापर्यंत

सामने वर्षाला तीसच्या आसपास. एक सामना, मधले थांबे धरून, साधारण दोन तासांचा. म्हणजे कॉलेज कोचचं जे काम लोकांना टीव्हीवर दिसतं, ते वर्षाकाठी साठ-सत्तर तासांत आटोपतं. बाकीचं वर्ष जातं सरावाचे आराखडे मांडण्यात, व्हिडिओ बघण्यात, शाळेत शिकणाऱ्या खेळाडूंच्या आईवडिलांशी फोनवर बोलण्यात, आपल्या खेळाडूंच्या परीक्षांवर लक्ष ठेवण्यात आणि रात्रीच्या बसप्रवासात. या पेशात शिरण्याआधी हे उरलेलं वर्ष आपल्याला आवडेल का, याचा विचार करा. सामन्याची धुंदी सगळ्यांनाच आवडते. टिकतात ते मात्र मंगळवारच्या सरावावर जीव असणारे.

हा लेख मुख्यतः दोघांसाठी आहे. एक, नागपाड्याच्या किंवा डेक्कन जिमखान्याच्या कोर्टावर खेळून आता पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेले विद्यार्थी. दुसरे, तिकडेच वाढलेली मराठी घरांतली मुलंमुली, ज्यांना खेळाडू म्हणून कॉलेजच्या संघात जागा मिळाली नाही पण खेळ सोडवत नाही. दोघांचा रस्ता पुढे एकच होतो.

आधी नकाशा

अमेरिकेतली सगळी कॉलेजं एका छत्राखाली खेळत नाहीत. सर्वांत मोठी संघटना एनसीएए, आणि तिचे तीन डिव्हिजन. टीव्हीवर दिसतो तो डिव्हिजन वन. त्यात पुरुषांचेच 360 हून जास्त संघ आहेत. डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्त्या असतात, पण बहुतेक खेळाडूंना पूर्ण न मिळता तुकड्यातुकड्याने वाटलेल्या. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, आणि सभासद कॉलेजं सर्वांत जास्त तिथेच आहेत. याच्या बाहेर एनएआयए ही प्रामुख्याने छोट्या खासगी कॉलेजांची संघटना, आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए. या शेवटच्या जगाला कोच मंडळी 'ज्युको' म्हणतात.

नवखे लोक पहिली चूक इथेच करतात: मोठ्या नावाच्या कॉलेजलाच चिकटायचं. तिथे कोचिंगच्या हाताखाली इतके लोक असतात की दोन वर्षं तुमच्या वाट्याला टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्यांपलीकडे फारसं काही येत नाही. डिव्हिजन थ्री किंवा ज्युकोच्या संघात हेड कोच आणि एखादा अर्धवेळ सहायक, एवढाच संसार. तिथे पहिल्याच हंगामात तुम्ही व्हिडिओ कापता, प्रतिस्पर्ध्याचा अहवाल लिहिता, सरावातला एखादा भाग स्वतः घेता आणि वेळ आली तर व्हॅनही चालवता. जॉन बाइलाइन याच वाटेने वर चढले. न्यूफेनची शाळा, मग इरी कम्युनिटी कॉलेज, नाझरेथ, ल मॉइन, कनिशियस, रिचमंड, वेस्ट व्हर्जिनिया आणि शेवटी मिशिगन. कॉलेजमध्ये कुणाचा सहायक न होता हा माणूस 2013 आणि 2018 मध्ये संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. बो रायन यांनी विस्कॉन्सिन-प्लॅटव्हिल या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजला 1991, 1995, 1998 आणि 1999 अशी चार विजेतेपदं मिळवून दिली, तेव्हा कुठे पुढचे दरवाजे उघडले.

उलट उदाहरणही आहेच. ब्रॅड स्टीव्हन्स 2000 मध्ये एली लिली या औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलर विद्यापीठात अगदी तळाच्या जागेवर आले, 2007 मध्ये तिथलेच हेड कोच झाले आणि 2010 व 2011 असे लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यात पोचले. पण बटलरही तेव्हा फार मोठं नाव नव्हतं, हे विसरू नका.

पदांची शिडी

साधारण क्रम असा: स्टुडंट मॅनेजर, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर किंवा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, मग असिस्टंट कोच, असोसिएट हेड कोच आणि हेड कोच. छोट्या कॉलेजात यातल्या निम्म्या पायऱ्या नसतातच. 'ऑपरेशन्स' म्हणजे प्रवास, हॉटेल, जेवण, वेळापत्रक, खर्चाचा हिशेब. हे काम रुक्ष वाटतं, पण संघ चालतो कसा हे सगळ्यात आधी याच माणसाला कळतं.

तळाच्या जागांवर पैसे नसतात किंवा अगदी थोडे असतात. रॉय विल्यम्स 1978 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला अर्धवेळ सहायक म्हणून आले तेव्हा पगार होता वर्षाला 2700 डॉलर. घर चालवण्यासाठी ते गावोगाव फिरून संघाची कॅलेंडरं विकत. पॅट समिट 1974 मध्ये वयाच्या 22 व्या वर्षी टेनेसीच्या महिला संघाच्या हेड कोच झाल्या. महिना 250 डॉलर, आणि खेळाडूंचे गणवेश धुण्यापासून व्हॅन चालवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. काळ बदलला, आकडे बदलले, पण पहिल्या दोन-तीन वर्षांचा हिशेब आजही घरच्यांशी आधी बोलून ठेवावा लागतो.

आत शिरायचं कसं

कॉलेजात प्रवेश मिळाला की हंगाम सुरू व्हायची वाट बघू नका. खेळाडू उन्हाळ्यातच कॅम्पसवर येतात आणि मॅनेजरांची निवड ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत झालेली असते. पत्र हेड कोचला पाठवण्यापेक्षा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला पाठवा. तो नसेल तर सर्वांत नवीन असिस्टंटला. सहा-सात ओळी पुरतात: तुम्ही कोण, कोणता अभ्यासक्रम, आठवड्यातल्या कोणत्या वेळा मोकळ्या, आणि काय करता येतं. 'मला बास्केटबॉलचं वेड आहे' या वाक्याला किंमत नाही, ते सगळेच लिहितात. 'दुपारी दोन ते सहा रोज मोकळा आहे, व्हिडिओ कापता येतो, व्हॅन चालवण्याचा परवाना आहे' याला आहे. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर सरळ कार्यालयात जाऊन उभे राहा.

महिला संघांमध्ये मुलग्यांसाठी एक दार आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. अनेक महिला संघ सरावात पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना 'प्रॅक्टिस प्लेअर' म्हणून घेतात. हे खेळाडू पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून आपल्या संघासमोर खेळतात. दर आठवड्याला नव्या संघाची पद्धत अंगात भिनवायची, यापेक्षा चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

तिसरं दार उन्हाळी शिबिरांचं. जून-जुलैमध्ये जवळपास प्रत्येक कॉलेज शाळकरी मुलांची शिबिरं घेतं आणि शिकवायला माणसं कमीच पडतात. तीन-चार शिबिरांत काम केलं की आठ-दहा कोच तुम्हाला चेहऱ्याने ओळखू लागतात. तिथे एकच गोष्ट बघितली जाते: दहा वर्षांच्या वीस मुलांना तुम्ही चाळीस मिनिटं हलतं ठेवू शकता का.

मॅनेजरचं काम नीट करणं म्हणजे काय

सरावाच्या तासभर आधी हजर. बॉलमधली हवा तपासायची: सहा फुटांवरून सोडलेला पुरुषांचा बॉल वरच्या कडेपर्यंत 49 ते 54 इंच उसळला पाहिजे. पुरुषांचा बॉल 29.5 इंच घेराचा, महिलांचा 28.5, दोन्ही संघ एकच साठवण वापरत असतील तर रॅक वेगळे ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत मिसळतात. सरावाचा कागद मिळाला की घड्याळात प्रत्येक भागाची मिनिटं भरून ठेवायची, दोन रंगांच्या जर्सी मोजून काढायच्या, रिंगखालच्या पट्ट्यात, म्हणजे लेनमध्ये, पडणारा घाम पुसायला बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेवर) एक माणूस कायम.

नेमबाजीच्या वेळी बॉल गोळा करून परत देणं हे मॅनेजरचं मुख्य काम, आणि बहुतेकांना ते धड येत नाही. पास छातीच्या उंचीवर, खेळाडू ज्या हाताने नेम धरतो त्या बाजूच्या खांद्याजवळ, आणि त्याचे पाय तयार होतात त्याच क्षणी. पास गुडघ्याशी गेला तर तो वाकतो, लय मोडते, आणि शंभर चुकीच्या पासांनंतर त्याची नेमबाजीच बिघडते. चांगला पास देणाऱ्या मॅनेजरला खेळाडू स्वतः रात्री फोन करून जिममध्ये बोलावतात. तुमचं नाव कोचच्या कानावर त्यांच्याच तोंडून जातं.

त्याच्या जोडीला नोंदी. कोणी किती पासांना हात लावला, बचावात किती वेळा कुणी मदतीला उशिरा पोचलं, लूज (कुणाच्याच ताब्यात नसलेल्या) बॉलवर कोण झेपावलं. कोचने मागितलं नसलं तरी हा कागद रोज सरावानंतर टेबलावर ठेवा. दोन आठवड्यांनी तो मागू लागेल.

व्हिडिओ आणि आकडे

आज नोकरी मिळवून देणारं सर्वांत ठोस कौशल्य म्हणजे व्हिडिओ. हडल आणि सिनर्जी ही दोन सॉफ्टवेअरं सगळीकडे चालतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने बघायचे आणि क्लिपा अशा गटांत कापायच्या: अर्ध्या कोर्टातल्या नेहमीच्या चाली, बेसलाइनवरून बॉल आत टाकताना काय करतात, बाजूने टाकताना काय करतात, पिक-अँड-रोलवर (सहकारी बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो ती चाल) बचाव कसा, दबावाविरुद्ध बॉल पुढे कसा नेतात, आणि प्रत्येक खेळाडू. खेळाडूवरचा मजकूर दोन ओळींचा: 'डावखुरा, उजवीकडे गेला तर ड्रिबल थांबवून नेम धरतो, डावीकडे गेला तर थेट बास्केटपर्यंत. नेमाचा नुसता आव (पंप फेक) आणला तर उडी मारू नका.'

सगळे नवखे अहवाल लांबवतात. बारा पानं लिहून काढतात कारण मेहनत दिसावी. खेळाडू सामन्यात फार तर तीन गोष्टी लक्षात ठेवतो. कोचसाठी हवं तेवढं सविस्तर लिहा, पण खेळाडूंच्या हातात एकच पान आणि आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ.

आकड्यांत सुरुवात एका हिशेबाने करा: एका सामन्यात संघाला बॉल किती वेळा मिळाला. सूत्र असं: मारलेले नेम, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच नेम चुकल्यावर परत मिळवलेले बॉल), अधिक गमावलेले बॉल, अधिक फ्री थ्रोंच्या 0.475 पट. समजा संघाने 58 नेम मारले, 10 आक्रमक रिबाउंड घेतले, 13 वेळा बॉल गमावला आणि 20 फ्री थ्रो घेतले. 58 वजा 10 अधिक 13 अधिक 9.5, म्हणजे 70.5. या संघाने 72 गुण केले असतील तर दर शंभर संधींमागे 102 गुण. आता नेमबाजी: 58 पैकी 26 नेम आत गेले, त्यातले 8 तीन गुणांचे. तीन गुणांच्या प्रत्येक नेमाला अर्धा नेम जास्त धरायचा, म्हणजे 26 अधिक 4 भागिले 58, जवळपास 51.7 टक्के. बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक म्हणजे ही नेमबाजी, गमावलेले बॉल, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो मिळवण्याचं प्रमाण. संघ हरला की आधी हे चार बघा; बहुधा एकच घटक ढासळलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा विषय तिथेच मिळतो.

भारतात खेळलेल्यांनी नियमांतले फरक पाठ केले पाहिजेत. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांवर वाढलो: नेम मारायला 24 सेकंदांची मुदत, दहा मिनिटांचे चार भाग. एनसीएएत मुदत 30 सेकंदांची. पुरुषांचा सामना वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा, महिलांचा 2015-16 पासून दहा मिनिटांच्या चार भागांचा. तीन गुणांची रेषा आता दोन्हीकडे 6.75 मीटरच्या आसपास, पण रिंगखालची लेन कॉलेजात 12 फूट रुंद, फिबाची 4.9 मीटर म्हणजे सोळा फूट. लेन अरुंद म्हणून उंच खेळाडू बास्केटच्या जास्त जवळ ठाण मांडतो आणि मदतीच्या बचावाची अंतरं बदलतात. पुरुषांच्या सत्रात सातव्या सांघिक फाउलपासून नवव्यापर्यंत 'वन-अँड-वन': पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा. शेवटच्या मिनिटात फाउल कुणावर करायचा, हे यावर ठरतं.

ग्रॅज्युएट असिस्टंट आणि व्हिसा

ग्रॅज्युएट असिस्टंट, बोलीत जीए, ही भारतातून येणाऱ्यासाठी सर्वांत रास्त पायरी. साधारण दोन वर्षांची मुदत, शिकवणी शुल्क माफ किंवा कमी, वर थोडा भत्ता. जागा फार कमी आणि अर्ज ढीगभर. जाहिरात मार्च ते जूनमध्ये निघते, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशाच्या मुदतीनंतर. म्हणून प्रवेश आधी स्वतंत्रपणे मिळवून ठेवा आणि मग जागेसाठी प्रयत्न करा. उलटं करायला गेलेले कित्येक जण अडकतात.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. बास्केटबॉलचं काम तेवढ्यात मावत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मावत नसलं तरी कागदावर आणि प्रत्यक्षातही मर्यादा पाळायची. कोचला पहिल्याच भेटीत सांगा की माझे तास 20 आहेत, ते कुठे वापरायचे ते ठरवू. अमेरिकन मॅनेजर रात्री अकरापर्यंत थांबतो म्हणून तुम्हीही थांबलात आणि त्याची नोंद झाली, तर नुकसान व्हिसाचं आहे. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) बारा महिने काम करता येतं, पण ते तुमच्या अभ्यासक्रमाशी थेट जोडलेलं असावं लागतं. स्पोर्ट मॅनेजमेंट, काइनेसिऑलॉजी, शिक्षणशास्त्र या पदव्यांशी कोचिंगचा संबंध दाखवता येतो. संगणकशास्त्राच्या पदवीवर असिस्टंट कोच होणं दाखवता येणं कठीण. विद्यापीठांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक सोडतीची अट लागू नाही, ही जमेची बाजू, पण या जागेसाठी तो अर्ज करायला कॉलेज तयार आहे का हे ओपीटी सुरू होतानाच विचारायचं. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत राहतात. प्रत्येक पाऊल कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारूनच टाका, दुसऱ्या कोचला विचारून नाही.

सराव मांडणं: खरं शिक्षण इथे

कोचिंग म्हणजे शिकवणं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. 1974-75 च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी यूसीएलए विद्यापीठात तिथले कोच जॉन वुडन यांच्या सरावाला बसून त्यांच्या 2326 कृती नोंदवल्या. जवळपास 75 टक्के निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. कौतुक आणि नाराजी दोन्ही सात-सात टक्क्यांच्या आत. याच माणसाने 1964 ते 1975 मध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि सरावाचा आराखडा तो खिशातल्या छोट्या कार्डांवर मिनिटांनिशी लिहून आणत असे. नवख्या कोचचा सराव बघा: 'चला, जोर लावा!' हेच शब्द सर्वांत जास्त. त्यातून खेळाडूला काहीच कळत नाही. 'पुढचा पाय मागे घे, म्हणजे तो बेसलाइनकडे जाईल' यातून कळतं.

तेरा खेळाडू, दोन तास, ऑक्टोबरच्या मध्यावर असा एक आराखडा चालतो:

3:00 ते 3:10 अंग मोकळं करणं, बचावाची पावलं.
3:10 ते 3:22 दोन्ही बास्केटवर सहा-सात खेळाडू. पास, कट, दोन्ही हातांनी ले-अप.
3:22 ते 3:37 चारास चार शेल ड्रिल.
3:37 ते 3:50 धावतं आक्रमण, तिघांविरुद्ध दोघे, लगेच उलट.
3:50 ते 3:55 पाणी आणि जोडीने फ्री थ्रो, प्रत्येकी दहा, दोन-दोन करून.
3:55 ते 4:15 अर्ध्या कोर्टातलं आक्रमण. पाच मिनिटं बचावाशिवाय, पंधरा मिनिटं बचावासह.
4:15 ते 4:25 पिक-अँड-रोलचा बचाव.
4:25 ते 4:45 पूर्ण कोर्ट, पाचास पाच, घड्याळ आणि गुणफलक चालू.
4:45 ते 4:55 खास प्रसंग: 38 सेकंद उरले, दोन गुणांनी मागे, बॉल आपला.
4:55 ते 5:00 दमलेल्या पायांनी फ्री थ्रो.

यातलं शेल ड्रिल नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत कोच बहुधा हेच घ्यायला सांगतात. चार आक्रमक: दोघे वर, दोघे कोपऱ्यांजवळ. बॉल ज्याच्याकडे, त्याचा बचावपटू हाताच्या अंतरावर. एका पासाच्या अंतरावरचा बचावपटू पासाच्या रेषेत हात घालून. दोन पासांच्या अंतरावरचा लेनमध्ये एक पाय ठेवून, एका हाताने बॉलकडे आणि दुसऱ्याने आपल्या माणसाकडे बोट दाखवत. बॉल हवेत असतानाच चौघांनी जागा बदलायची. पास पोचल्यावर हलणारा बचावपटू नेहमी एक पाऊल उशिरा असतो. सुरुवातीला ड्रिबल बंद, फक्त पास. तीन मिनिटांनी बेसलाइनकडे एक ड्रिबल खुली, म्हणजे मदत कोण करतो आणि मदतीला गेलेल्याचा माणूस कोण घेतो हे दिसतं. शेवटी खुला खेळ, पण सुटका रिबाउंड घेतल्यावरच.

बिघडतं कुठे? नवा कोच दर वीस सेकंदांनी शिट्टी वाजवतो. बारा माणसं थांबतात, एकाची चूक दुरुस्त होते, अंग थंड पडतं. एकाचीच चूक असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा, खेळ चालू ठेवा. तिघांची तीच चूक दिसली तर थांबवा आणि दहा सेकंदांत सांगा. दुसरं, रांगा: एका बॉलमागे सहा जण उभे असतील तर पाच जण सराव करत नाहीयेत. तिसरं, शब्द. पिक-अँड-रोलवर मोठ्या खेळाडूने मागे राहायचं, पुढे यायचं की माणसं अदलाबदल करायची, यासाठी प्रत्येकी एकच हाक ठरवा आणि सगळ्या कोचांनी तीच वापरा. दोन सहायकांनी दोन शब्द वापरले की सामन्यात दोन बचावपटू एकाच माणसाच्या मागे धावतात.

वेळेचे नियम आराखड्याच्या डोक्यावर असतात. डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला चार, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही चालो, हिशेबात तीन तास. सक्तीचा व्हिडिओ बघणं त्यातच मोजलं जातं, आणि नवख्यांचा घोळ इथेच होतो: 'फक्त पंधरा मिनिटं क्लिपा बघूया' म्हणत रोज बोलावतात आणि आठवड्याअखेर नोंदवही जुळत नाही. पहिल्या सामन्याच्या आधीच्या 42 दिवसांत 30 सराव घेता येतात. ते तीसही दिवस सप्टेंबरमध्येच कॅलेंडरवर विषयांसह लिहून ठेवा. झोनविरुद्धचं (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाविरुद्धचं) आक्रमण किंवा बाजूने बॉल टाकण्याच्या चाली शिकवायच्याच राहिल्या, हे बऱ्याच जणांना पहिल्या सामन्यात कळतं.

खेळाडू मिळवणं आणि टिकवणं

असिस्टंट कोचची किंमत बाजारात यावरच ठरते. वर्षाचे दिवस चार प्रकारांत वाटलेले असतात: कधी खेळाडूला प्रत्यक्ष भेटता येतं, कधी फक्त लांबून खेळ बघता येतो, कधी भेट फक्त आपल्याच कॅम्पसवर, आणि कधी समोरासमोर भेट पूर्ण बंद. डिव्हिजन वनच्या पुरुष संघांना शाळकरी खेळाडूला फोन-संदेश सुरू करता येतात ते त्याच्या दहावीनंतरच्या 15 जूनपासून. कॅलेंडर छापून टेबलासमोर लावा. चुकून पाठवलेला एक संदेशही नियमभंग ठरतो आणि त्याची नोंद कॉलेजला करावी लागते.

खेळाडू बघायला जाल तेव्हा गुणांपेक्षा इतर गोष्टी लिहा: बदली करून बाहेर बसवल्यावर तो बाकावर कसा बसतो, सहकाऱ्याची चूक झाल्यावर काय करतो, बॉल हातात नसताना धावतो का.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात, आणि या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांच्या संघात जास्तीत जास्त 15 खेळाडू. शिवाय हंगाम संपताच ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) उघडतं आणि आपले खेळाडू आठवडाभरात निघून जाऊ शकतात. त्यामुळे टिकवणं हे बाराही महिन्यांचं काम झालं आहे. आपल्याच पंधरा जणांशी आठवड्यातून एकदा बास्केटबॉल सोडून बोला. मार्चमध्ये अचानक दाखवलेली आपुलकी त्यांना लगेच कळते.

अभ्यासाची बाजूही कोचकडेच. दर सत्रात किमान 12 क्रेडिट, आणि डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा अनुक्रमे 40, 60 आणि 80 टक्के भाग पूर्ण. विषय बदलला की ही टक्केवारी कोसळते, म्हणून खेळाडूने मुख्य विषय बदलायचा म्हटलं की त्याच दिवशी अभ्यास सल्लागाराला फोन.

नोकरीचा मोसम

मार्च-एप्रिलमध्ये हेड कोच बदलतात, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा सगळे सहायक जातात. तुमचं काम उत्तम असूनही नोकरी जाऊ शकते. माइक शशेफस्की यांच्या ड्यूकमधल्या पहिल्या तीन हंगामांचा हिशेब 38 विजय आणि 47 पराभव असा होता. पुढे तिथेच पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली. तेवढी सवड आज क्वचितच कुणाला मिळते.

पुरुषांच्या फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य व अंतिम सामन्यांच्या) शहरात कोचांच्या संघटनेचं, एनएबीसीचं, अधिवेशन भरतं, महिलांकडे डब्ल्यूबीसीएचं. निम्म्या जागा तिथल्या हॉटेलांच्या लॉबीत ठरतात. तिथे नोकरी मागत फिरू नका. आधी ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे अशा पाच जणांच्या भेटी ठरवून जा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि एक नेमका प्रश्न घेऊन. जाहिराती हूपडर्ट या संकेतस्थळावर आणि कॉलेजांच्या नोकरीच्या पानांवर येतात, पण जाहिरात येईपर्यंत कोचच्या मनात बहुधा दोन नावं असतात. त्यांत आपलं नाव घालणारा एक माणूस हवा.

मुलाखतीला तीन गोष्टी न्या: तुम्ही लिहिलेला एक प्रतिस्पर्धी-अहवाल, एका आठवड्याचे सरावाचे आराखडे, आणि पाच मिनिटांचा कापलेला व्हिडिओ. अहवालातली नावं काढून टाका. आधीच्या कोचच्या चाली नव्या कोचपुढे जशाच्या तशा ठेवणाऱ्यावर कुणी विश्वास टाकत नाही.

करार हातात आला की मुदत बघा. सहायकांचे करार बहुधा एकाच वर्षाचे असतात. हेड कोचला काढलं तर तुमचा पगार कोणत्या तारखेपर्यंत चालू राहतो, आरोग्य विमा कधी संपतो, स्थलांतराचा खर्च कोण देतं, उन्हाळी शिबिराचे पैसे वेगळे की पगारातच, हे लेखी घ्या. व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यावर देशात राहायला किती दिवस मिळतात तेही त्याच दिवशी विचारून ठेवा. आणि स्वतःच्या सरावाच्या आराखड्यांची, नोंदींची प्रत पहिल्या दिवसापासून आपल्या वहीत उतरवत जा. व्हिडिओची साठवण कॉलेजची असते, आणि पद गेलं की तिचा पासवर्ड त्याच दुपारी बंद होतो.